आंदणातलं ऑर्किड

"ह्या पोराले पानाची भाषा समजते, भो!"

चाळीस वर्षांपूर्वी अंगणात उभं राहून बापानं साऱ्या आळीला ऐकू जाईल असा काढलेला हा आवाज तोताराम आबांच्या कानात अजून ताजा होता. आबा तेव्हा आबा नव्हते, बावीस वर्षांचा तोत्या होते, आणि लग्नाला जेमतेम महिना झाला होता. नव्या सुनेनं, म्हणजे पुष्पाबाईंनी, बोदवडच्या माहेराहून आंदणाच्या भांड्यांबरोबर मोगऱ्याचं एक रोप आणलं होतं. मोरीजवळ लावलेलं ते रोप दोन दिवसांत उभ्याउभी वाळलं. सून पदराआड डोळे पुसत उभी. तेव्हा तोत्यानं एक पिवळं पान खुडलं, उन्हाकडे धरलं आणि म्हणाला, "मुळाले हुमणी लागली." बापानं कुदळ घातली, तर मातीतून एक गुबगुबीत पांढरी अळी खरंच बाहेर आली! शेणखताच्या मातीत एखादी अळी कोणाच्या अंगणात निघत नाही? पण बापाचा ऊर भरून आला, त्यानं ते वाक्य उच्चारलं, आणि त्या वाक्यावर आबांचं पुढचं सगळं आयुष्य केळीच्या घडासारखं लगडलं.

तेव्हापासून पंचक्रोशीतल्या केळीचं पान पिवळं पडो की करपो, ते आधी आबांच्या ओट्यावर यायचं. कोणी पिशवीत घालून आणी, कोणी टोपीत खोचून. आबा ते उन्हाकडे धरत, डोळा बारीक करत आणि निदान सांगत. 'मला माहीत नाही' हे तीन शब्द त्यांच्या तोंडून कोणी कधी ऐकले नव्हते. शेजारच्या निंबानं एकदा परीक्षा पाहायला लग्नाच्या मांडवातलं प्लॅस्टिकचं पान आणून दिलं. आबांनी ते उन्हाकडे धरलं आणि शांतपणे म्हणाले, "ह्याले ऊन जास्त झालं." पान खरोखरच उन्हानं विटलेलं होतं. निंबा हात जोडून घरी गेला.

अशा घरात माघात मयुरी सून होऊन आली. तिचं माहेर दोंडाईचा. आंदणात कपाट आलं, पिंपं आली, पितळी घंगाळ आलं. पण मांडीवर धरून तिनं स्वतः आणली ती एक पारदर्शक कुंडी. तिच्यात माती नाही. सालीचे तुकडे, कोळशाचे खडे, आणि वर सहा जाडजूड हिरवी पानं.

"अवं माय, आंदनात कोयशातलं झाड!" आळीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

"ऑर्किड आहे," मयुरी म्हणाली, "ते हवेवर जगतं."

"मंग बरं हाय. सासरी हवा फुकट भेटते."

चैत्रात त्या झाडाला एक दांडी फुटली. तिच्यावर पाच कळ्या धरल्या. मयुरीनं माहेरी फोन करून सांगितलं, "आई, सासरी आल्यावरची पहिली दांडी आहे. फूल उमललं की पहिला फोटो तुला." तेवढ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. खानदेशात आखाजीला लेक माहेरी गेली नाही तर झोकासुद्धा रुसतो. निघताना तिनं एक कागद आबांच्या हातात दिला. त्यावर चार ओळी: आठवड्यातून एकदा एक कप पाणी. थेट ऊन नाही. खत नाही. पडवीतल्या खिडकीतून हलवायचं नाही.

"आबा, मी दहा दिवसांत येते. सगळ्या कुटुंबात पानं तुम्हालाच कळतात. तुमच्याच भरवशावर ठेवून जाते."

आबांची मिशी फुलली. "तू बिनघोर जाय बेटा. हजारो केयी जगवल्या, हे तं एकच झाड हाय."

खिडकीच्या बाहेर तुळशीवृंदावन. दुसऱ्या दिवशी पहाटे पुष्पाबाई नेहमीसारख्या न्हाऊन तांब्या घेऊन तिथं गेल्या. त्यांचा आवाज पडवीत झिरपला:

"आधी पानी तुयशीले,
मंग दारच्या येलाले;
लेक माह्यराले गेली,
उरे तांब्या हा कोनाले?"

ओवी संपली आणि रिकामा तांब्या खणखणत घरात आला.

तिसऱ्या दिवशी सर्वांत खालचं पान पिवळं पडलं. आबांनी ते पाहिलं. चष्मा लावला. पान उन्हाकडे धरायला ते खुडावं लागलं असतं. म्हणून त्यांनी कुंडीच उन्हाकडे धरली.

"काय झालं वो?" पुष्पाबाई दारात उभ्या.

"उपाशी हाय. केयीचं खालचं पान पिवयं पडलं की ती खायले मांगते."

"मी काय म्हनते—"

"थांब वं. मधी बोलू नको."

कागदावर 'खत नाही' लिहिलं होतं. पण कागद लिहिणारी पोर चोवीस वर्षांची, आणि आबांची केळी चाळीस वर्षांची. त्यांनी ठिबकमधून सोडायचं पांढरं खत चमचाभर घेतलं, लोटीत विरघळवलं आणि कुंडीत ओतलं. दोन दिवसांनी सगळ्याच पानांची टोकं तपकिरी झाली. जणू कोणी उदबत्तीनं डागली.

"खाल्लं, पन पचलं नाही," आबांनी निदान केलं. "ऊन पाह्यजे. उनाबिगर अन्न पचत नाही."

"अहो, पन मी काय—"

"थांब म्हन्लं ना!"

कुंडी गच्चीवर गेली. वैशाखातलं आमच्याकडचं ऊन म्हणजे काय सांगावं! सकाळी घातलेला पापड दुपारी परातीवर आपोआप वाजतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा वर गेले, तर खालच्या पानावर रुपयाएवढा पांढराफटक डाग पडलेला आणि सगळीच पानं लाजल्यासारखी तांबूस झालेली. कुंडीचं बूड मात्र गार, ओलं. आबांनी बोट लावून पाहिलं. दिवसभराच्या रणरणत्या उन्हानंतर ओल? मग त्यांना मयुरीचं वाक्य आठवलं आणि ते थक्क झाले. "हवेतून पानी खेचू राह्यलं! काय झाड हाय!" जिन्याच्या पायऱ्यांवर ओल्या पावलांचे ठसे होते, पण आबा पानं वाचणारे, पायऱ्या वाचणारे नव्हते.

उन्हानं भाजलं म्हणजे आता गारवा हवा, हे कोणालाही सुचेल. आबांनी कुंडी कूलरसमोर मांडली. स्वतः घामाघूम होऊन बाजूला खाटेवर बसले आणि झाडाला वारा घेऊ दिला. रात्रभर कूलरचे तुषार पानांच्या बेचक्यात साचले. सकाळी पानांवर काळे ठिपके उमटले होते.

एव्हाना त्या सहा पानांवर होळी-रंगपंचमी एकत्र झाली होती. पिवळं, तपकिरी, पांढरं, तांबूस, काळं. हिरवं शोधावं लागत होतं. नशीब इतकंच की पाचही कळ्या हट्टानं दांडीला चिकटून होत्या.

त्यात मयुरीचा व्हिडिओ कॉल. मागे झोक्यावरच्या पोरींची गाणी ऐकू येत होती.

"आबा, झाड दाखवा ना!"

आबांनी मोबाइल कळ्यांच्या इतका जवळ नेला की एकेक कळी दुधी भोपळ्याएवढी दिसू लागली.

"अय्या, फुगल्या की! आता पानं दाखवा."

"पानं? पानं हायेत ना. पानं कोठे जातीन?"

"जरा खाली करा ना मोबाइल."

"हॅलो? हॅलो? रेंज गेली बेटा." आणि रेंज पूर्ण असलेला मोबाइल आबांनी उशीखाली सरकवला.

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. झाड मेलं तर झाड मेलं. पण पोर काय म्हणेल? चार भांडी घासून चकचकीत करता येतात, आंदणातलं मेलेलं झाड कसं चकचकीत करणार? भरवशावर ठेवून गेली होती. तिला तोंड कसं दाखवावं?

शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. केळीवाल्यांचा दोनशे जणांचा एक ग्रुप मोबाइलवर होता आणि निंबा त्याचा प्रमुख. आबांनी खालच्या पानाचा अगदी जवळून फोटो काढला, कुंडी दिसणार नाही असा, आणि खाली लिहिलं: 'एका मित्राकडचे पान आहे. जाणकारांनी ओळखावे.' आपण विचारत नाही, परीक्षा घेतोय, असा तो थाट होता.

आधी निंबा उतरला: 'खुद्द आबा विचारू राह्यले? म्हणजे रोग नवा आहे!' त्यावर कोणी लिहिलं, 'एकाच पानावर पाच रंग. असा रोग बापजन्मी पाहिला नाही.' कोणी लिहिलं, 'मित्र वगैरे कोणी नाही. आबांच्याच बागेत घुसला आहे.' कोणी हात जोडलेली चित्रं टाकली. कोणी 'भावपूर्ण' इतकंच लिहून थांबला. आबांनी 'तसे नाही' असं लिहायला घेतलं. पण एका बोटानं जोडाक्षर शोधेपर्यंत ग्रुपनं ठरवूनही टाकलं होतं: उद्या सकाळी आठ वाजता आबांच्या बागेची पाहणी.

सकाळी दारात चार मोटारसायकली आणि एक जीप. निंबानं कृषी सहायक दिपमाला मॅडमनाही आणलं होतं. गळ्यात भिंग आणि पाठीला पिशवी अडकवलेली ती तिशीतली हसरी बाई.

"आबा, घाबरू नका," निंबा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "तुमच्यावर आलेली वेय आमच्यावर आलेली वेय."

"अरे पन बागेत काहीच नाही!"

"बठ्ठे असंच म्हन्तात, आबा."

चौदा माणसं बागेत शिरली. ओळीओळीनं फिरली. केळी हिरव्यागार, तुकतुकीत. वाऱ्यावर पानं हलवून पाहुण्यांचं स्वागत करत होत्या. तासाभरानं दिपमाला मॅडम भिंग पुसत म्हणाल्या, "आबा, इतकी निरोगी बाग मी या हंगामात पाहिली नाही. मग तो फोटो कुठला?"

"मित्राकडचा."

"तुमचा मित्र कोठे राहते?" निंबानं विचारलं.

आबांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. खोटं बोलायची सवय नव्हती, तिथंच ते अडकले. "...घरातच राहते."

आणि चौदा माणसं घरी निघाली.

पडवीत चपलांचा ढीग पडला. पुष्पाबाईंनी चहाचं मोठं पातेलं चढवलं. पाच रंगांचं झाड मधोमध स्टुलावर, भोवती माणसांचं रिंगण, आणि रिंगणात आबा, वर्गासमोर उभ्या केलेल्या पोरासारखे.

तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली.

मयुरी एक दिवस आधी आली होती आणि सोबत तिचे वडील अभिमन भाऊ, हातात आखाजीच्या सांजोऱ्यांचा डबा. दारातला चपलांचा ढीग पाहून अभिमन भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं.

"व्याही, काय व्हयनं? बठ्ठं गाव आठे कसाले जमेल शे?"

सारं गाव कशाला जमलंय ते दाखवायला रिंगण दुभंगलं. समोर झाड दिसलं. मयुरी चालत गेली, स्टुलाशी गुडघ्यावर बसली आणि एकेका पानावरून बोट फिरवलं. आबा तिच्या पाठीकडे पाहत राहिले. चाळीस वर्षांत अंगावर वीज पडायची तेवढी बाकी होती, ती आता पडेल, असं त्यांना वाटलं.

"मॅडम," मयुरी हळूच म्हणाली, "याला काय झालं?"

दिपमाला मॅडमनी भिंग लावलं. "हे पांढरं, उन्हानं भाजलं. हा तांबूसपणासुद्धा उन्हाचाच."

आबांनी खाली मान घातली.

"टोकं जळली ती खतानं. फार कडक दिलंय कोणीतरी."

मान आणखी खाली गेली.

"आणि हे काळे ठिपके, पानांत पाणी साचून गार वारा लागला की पडतात. कूलर आहे का घरात?"

सगळ्यांच्या माना कूलरकडे वळल्या. कूलरनं घर्रर्र केलं.

"आणि खालचं पिवळं?" आबांनी न राहवून विचारलं. "सुरवात तेथूनच झाली."

"हे होय? हे काहीच नाही. जुनं पान आहे. खालचं पान पिकून गळतं, वरून नवं येतं. माणसाचे केस नाही का पिकत? त्याला काही करायचंच नव्हतं."

निंबाच्या तोंडातला चहा नाकात गेला. अभिमन भाऊ डब्याच्या झाकणाआड हसू लपवू लागले. पण मॅडमचं काम संपलं नव्हतं. त्यांनी झाड अलगद कुंडीतून उचललं. दोन-तीन मुळं तपकिरी, लिबलिबीत झाली होती.

"खरं दुखणं इथं आहे. रोज पाणी घातलंय कोणीतरी. रोजच्या रोज."

"नाही!" आबा ताठ झाले. "तुयशीची आन घेऊन सांगतो. कागदावर लिहेल तेवढंच. कपभर पानी, आन् ती खताची एक लोटी."

"मग ही मुळं कशी कुजली?"

आता सगळी पडवी आबांकडे पाहू लागली. निंबानं मुद्दाम, अदबीनं, झाड उचलताना गळून पडलेलं ते खालचं पान त्यांच्या पुढे केलं. "सांगा आबा. तुम्हाले तं पानाची भाषा समजते. काय म्हन्ते हे पान?"

आबांनी पान उन्हाकडे धरलं. डोळा बारीक केला. पान पिवळं होतं, तपकिरी होतं, पांढरं, तांबूस आणि काळं होतं. एकाच वेळी पाच भाषांत बोलत होतं आणि आबांना एकही शब्द लागत नव्हता. बापाचा आवाज कानात घुमला, आणि पहिल्यांदाच त्या आवाजापुढे त्यांनी हात टेकले. त्यांनी पान खाली ठेवलं, सुनेकडे पाहिलं.

"मले माहीत नाही," आबा म्हणाले. "चुकलो बेटा. तुह्या कागदाबाहेर गेलो. चार ओयी लिहून देल्या होत्या तू, त्या वाचल्या, पन मानल्या नाही."

मग आबा वळले आणि आजवर कधीच न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला.

"अवं, तुले काही माहीत हाय का?"

पुष्पाबाईंनी हातातली गाळणी खाली ठेवली. "आता इचारलं ना? तेच दोनदा सांगू राह्यली होती, तुम्ही थांब म्हने, मी थांबली. तुयशीसाठी भरलेलं पानी घरात वापस आनू नये. अर्धा तांब्या उरे. पोरगी माह्यरी गेली, तिचं झाड एकटं. म्हन्लं, ह्याले काहून तहानलेलं ठेवा? रोज टाकत होती."

"गच्चीवरबी?"

"गच्चीवरबी. गुडघे धरून चढली. कूलरपुढेबी."

"म्हनजे ते हवेतून पानी..."

"हवेतून कायचं, माह्या तांब्यातून."

पहिली हसली ती मयुरी. गुडघ्यावर बसल्या बसल्या ती इतकी हसली की तिचे डोळे भरले; तिनं उठून सासूच्या कमरेला मिठी मारली. मग सगळी पडवीच फुटली. मॅडमनी कात्रीनं कुजकी मुळं छाटली, दोन दिवस कोरडं ठेवायला सांगितलं आणि दांडी वर उचलून म्हणाल्या, "जगेल. इतक्या लोकांनी इतके लाड करूनसुद्धा जगलंय, चिवट आहे. ही बघा, पहिली कळी फुटतेय." कळीच्या टोकाशी खरंच जांभळी रेघ उघडली होती. मयुरीनं तिथंच फोटो काढून दोंडाईच्याला पाठवला.

सांजोऱ्या वाटल्या गेल्या. आबांच्या जिवात जीव आला, आणि जिवाबरोबर जुना आवाजही आला.

"काही म्हना," ते मिशीवरची साखर पुसत म्हणाले, "एक डाव चुकलो. कोयशातल्या झाडाची भाषा आपली नव्हं. पन मातीतल्या झाडाचं माह्यं निदान कधी खोटं पडलं नाही. इचारा हिले. पह्यलं निदान हिच्याच मोगऱ्याचं. बावीस वर्साचा होतो. पान पाह्यलं आन् सांगितलं, हुमणी! खनलं, तं अयी निंघाली. काय वं?"

पुष्पाबाई सांजोरीचा तुकडा मोडत होत्या. त्यांनी तो खाली ठेवला. मयुरीकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, आणि चाळीस वर्षं पदराच्या गाठीत बांधून ठेवलेलं काहीतरी सोडावं तशा, गालातल्या गालात हसल्या.

"आज तुम्ही चुकलो म्हने, म्हनून मीबी सांगते," त्या म्हणाल्या. "हुमणी नव्हती वो. पाहुन्यांसाठी शेवया उकडल्या होत्या. नवी होती, मोरी कोठली, आन् मोगरा कोठला, सुचलं नाही. कढत पानी मीच ओतलं होतं."